भोंगा, बासरी आणि दाताचा डॉक्टर

ठिणगीचा जबडा बधिर होता, गालात कापूस कोंबलेला होता, आणि नेमकं तेव्हाच दाताचा डॉक्टर म्हणाला, "खरं सांगू? दुसरा गायक आला आणि हा बँड सुधारला. पहिल्याच्या वेळची गाणी म्हणजे नुसती बोंबाबोंब."

बिचाऱ्याने तिच्या टी-शर्टवर हेवी मेटल बँडचं चित्र पाहिलं आणि दोन गोड शब्द बोलायला गेला. पण कुणाशी? ही पोरगी त्याच बँडच्या पहिल्या गायकावर जीव टाकणारी. तिच्या स्वतःच्या बँडमध्ये ती गिटार वाजवायची, आणि गाणी फक्त पहिल्याच्या काळातली.

"आँ... आँग," ती म्हणाली.

"दुखतंय?"

तिने नाही म्हणून मान हलवली. दुखत नव्हतं, डोकं तापलं होतं.

"मग पटलं म्हणायचं." तो मास्कमागून हसला... नुसत्या डोळ्यांनी. डोळे बरे होते, ही आणखी एक पंचाईत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

"दाढ ठणकतेय?"

"दाढ मस्त आहे. मी भांडायला आलेय."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. "उघडा तोंड."

"पहिला, त्याला आम्ही भोंगा म्हणतो. एका ओळीत चार शब्द, पण हाणले की लागतात. आणि तुमचा दुसरा, ती बासरी... ओळ सुरू होताना चहा ठेवला तर संपेपर्यंत उतू जातो."

"दोघांची गाणी लिहिणारा एकच आहे ना पण? त्या बँडचा गिटारवाला," तो म्हणाला. "भोंग्याचा दम कमी, म्हणून त्याला तुकडे करून दिले. बासरीचा दम मोठा, म्हणून लांब ओळी. माणसाने गळा बघून लिहिलंय."

इतकी वर्षं ऐकून हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. "म्हणजे आपण दोघंही बरोबर?"

"हो. मी जरा जास्त."

आणि दात बघायचा छोटा आरसा माइकसारखा धरून त्याने बासरीच्या दोन ओळी गायल्या. बाहेर बसलेले आजोबा उठून घरी गेले. ठिणगी मात्र जागची हलली नाही.

आता तिची अडचण ऐका. तिच्या बँडचा गायक नोकरीसाठी गाव सोडून गेला होता. वर्षानुवर्षं गॅरेजात वाजवल्यावर पहिल्यांदा मोठा हॉल मिळाला होता, येत्या रविवारी. गायक नाही, तर कार्यक्रम नाही.

"रविवारी मोकळे आहात?" तिने विचारलं.

"सिनेमाला?"

"बोंबलायला."

संध्याकाळी तो गॅरेजात आला. ड्रमवर तिचा मोठा भाऊ, दादा. भोंग्याचं पहिलं गाणं डॉक्टरने कसंबसं ओढलं, दुसऱ्यात त्याचा आवाज असा फाटला की दादाने काठ्या खाली ठेवल्या.

"डॉक्टर, तुम्ही आपले दातच काढा."

"दादा, गप रे."

"बरोबर बोलतोय तो," डॉक्टर जाकीट उचलत म्हणाला. "त्या बँडचा तिसरा गायक आठवतो? वर्षभरात गेला."

"बेसूर होता," ठिणगी म्हणाली.

"नव्हता. त्याच्यासाठी कुणी एक ओळसुद्धा लिहिली नाही. दुसऱ्यांची गाणी अंगावर चढवून उभा केला त्याला... मी तुमचा तिसरा आहे. दुसरं कुणी बघा."

आणि गेला. खरं तर काळजी रविवारची करायची. पण ठिणगीच्या डोळ्यांपुढून त्याची पाठ हलेना.

तिने जन्मात गाणं लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. खोडलं, परत लिहिलं, दादाशी भांडली, आणि शनिवारी शेवटचा पेशंट बाहेर पडल्यावर डॉक्टरला त्याच्याच खुर्चीत बसवलं.

"हलू नका. ऐका."

तिचा आवाज म्हणजे गंजलेली कडी. तरी तो मागोमाग गुणगुणू लागला. ओळी भोंग्याइतक्या तुटक नव्हत्या, बासरीइतक्या लांबही नव्हत्या. तो मध्येच थांबला.

"मी श्वास इथेच घेतो. तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकते ना मी तुम्हाला. सारखी... म्हणजे, गायक म्हणून."

"गायक म्हणून."

"हो मग."

दोघंही फरशीकडे बघत राहिले. फरशीवर काही नव्हतं.

"शेवटची ओळ?"

"ती नाही जमली. तिथे नुसतं ओरडा."

"मला ओरडता कुठे येतं?"

"मग... काहीही करा."

रविवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत ठिणगीची आई दोन्ही कानांत बोटं घालून बसलेली, लेकीचं कौतुक करायला. गाणं सुरू झालं आणि डॉक्टरच्या आवाजाला असं बसलं की मागची पोरं खुर्च्यांवर चढली. शेवटची ओळ आली. दादाने काठ्या उगारल्या.

डॉक्टर ओरडला नाही. माइकला ओठ लावून हळूच म्हणाला, "ठिणगे, मला तू आवडतेस."

'तुम्ही' गेलं होतं. दादाच्या हातातली एक काठीही गेली, थेट तिसऱ्या रांगेत.

आईने एक बोट काढलं. "काय म्हणाला तो?"

अख्ख्या हॉलने तिला सांगितलं.

आईने डॉक्टरला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "बरं. आणि ही काय म्हणते?"

ठिणगीचे कान लाल झाले होते. तिने त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"ही म्हणते... यापुढे गाणी लिहीन ती याच गळ्यासाठी."

आणि गिटारवर असा हात मारला की आईने बोट परत कानात घातलं.