तामूच्या मापाचं हेल्मेट

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही, तेवढा जोर आता अंगात उरलेला नाही. पण तामू माझ्याबरोबर हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करते. दिवसभर चादरीचं एक टोक तिच्या हातात असतं आणि दुसरं माझ्या. खोटं रचायची ताकद तिच्यातही नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

घडलं ते मागच्या रमजानात. मोरोक्कोत, मराकेश शहराहून तामन्सूर्त गावाला जाणाऱ्या रस्त्यावर. आणि वेळ रात्रीची नव्हती.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी रमजानात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानआधी त्या रस्त्यावर उभं राहून बघावं. आधी सगळे घराकडे पिसाटासारखे पळत असतात. पोटात अन्न नाही, घशाला कोरड, डोकं ठिकाणावर नाही. आणि मग एकदम...

कुणीच नसतं.

तामू चाळिशीतली. नवरा कामासाठी इटलीला गेला तो तिकडचाच झाला. घरी फक्त वडील, बा हमाद. दोन्ही डोळे गेलेले. डॉक्टरांनी रोजे धरायला मनाई केली, तरी धरतात. आणि बायको गेल्यापासून म्हाताऱ्याने एक हट्ट धरलाय... रोजा सोडायचा तो तामूच्या हातच्या खजुरानेच. अजान होऊन गेली, शेजाऱ्यांची जेवणं आटपली, तरी हे तोंड मिटून बसून राहणार. त्याच्या आदल्या वर्षी ती उशिरा पोचली, तेव्हा बा जमिनीवर बेशुद्ध सापडले होते.

म्हणून अजानच्या आत घर गाठायचं. तामूला आयुष्याकडून एवढंच हवं होतं. एवढंच, आणि जमलं तर थोडी झोप.

सकाळी निघताना ती दाराला बाहेरून कुलूप लावायची, कारण बा एकदा चाचपडत थेट हमरस्त्यावर गेले होते. किल्ली एकच. ती दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात.

ही किल्ली लक्षात ठेवा.

ती मोपेडवरून ये-जा करायची, आणि डोक्यावर असायचं ते नवऱ्याचं जुनं हेल्मेट. ते एवढं ढगळ, की गतिरोधक आला की डोळ्यांवर उतरायचं. पोलिसांना तेवढं पुरायचं, डोक्याला नाही. एके दिवशी डोळ्यांवरून ते वर सारेपर्यंत ट्रकचं मागचं चाक गुडघ्याला लागता लागता राहिलं. दुसऱ्या दिवशी चादर घडी करताना ती म्हणाली, "सादिया, आता मापाचं घेते गं बाई. मी मेले तर म्हाताऱ्याला खजूर कोण भरवणार?"

आम्ही दोघी बाब अल-खमीसच्या जुन्या बाजारात गेलो.

आधी नवी बघितली. स्वस्तातली बोटाने दाबली की आत जात होती. जी बरी होती त्यांची किंमत ऐकून आम्ही आपापल्या चपलांकडे बघत राहिलो. शिवाय तामूची अडचण वेगळीच. ती अंबाडा घालून वरून रुमाल बांधते. रुमालावरून एकही हेल्मेट चढेना, आणि जे चढे ते डुगडुगे. भर बाजारात रुमाल सोडून माप कोण देणार?

"लाल्ला, बाईसाहेब, डोकं आणलंय की कलिंगड?" द्रिस नावाचा विक्रेता कंटाळून म्हणाला. जमिनीवर सतरंजी पसरून वापरलेली हेल्मेटं घेऊन बसला होता.

"कलिंगड असतं तर तू भाव तरी कमी केला असतास," तामू म्हणाली.

तो हसला. मग ढिगाच्या तळाशी हात घालून त्याने एक हिरवं हेल्मेट काढलं. बाजूला पांढऱ्या फुलाचं मोठं स्टिकर.

तामूने ते घातलं...

आणि हात सोडले. ते जागचं हललं नाही.

"पट्टा लाव," द्रिस म्हणाला. "आता मान हलव. डोकं फिरलं की तेही फिरलं पाहिजे. मागून उचलून बघ. येतंय का पुढे? गाल दाबतायत? कपाळाला टोचतंय?"

काहीच टोचत नव्हतं. गाल हवे तेवढे दाबले जात होते. आणि आत, मागच्या गादीत, बरोब्बर अंबाड्याच्या जागी एक खळगा होता.

"बघ! तुझ्यासाठीच थांबलं होतं," द्रिस म्हणाला.

"कुणाचं होतं हे?" मी विचारलं.

"आता हिचं आहे. आणि लाल्ला, ते फूल काढू नकोस हं. शोभा जाईल."

आम्ही दोघी खूश. स्वस्त मिळालं, मजबूत मिळालं, मापाचं मिळालं. हेल्मेटला असा खळगा पडायला तसाच अंबाडा घातलेलं एक डोकं वर्षानुवर्षं आत असावं लागतं, हे तेव्हा दोघींनाही सुचलं नाही. दमलेल्या माणसाला फक्त आपलं माप दिसतं.

पहिल्या दिवशी सकाळी काही झालं नाही. संध्याकाळी नदीवरचा पूल ओलांडला आणि तिला श्वास ऐकू आला.

हेल्मेटमध्ये आपला श्वास ऐकू येतोच. तिने लक्ष दिलं नाही. पण तो धापा टाकल्यासारखा होता, आणि ती तर शांत बसली होती. म्हणून तिने श्वास रोखून धरला...

धापा चालूच राहिल्या.

तिने काच वर केली. वारा आत आला. धापा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तिने हेल्मेट उचललं, तर आतलं अस्तर ओलं. घामाने भिजल्यासारखं. दिवसभर ते खुंटीवर लटकत होतं, मी स्वतः बघितलं होतं. त्याला नारिंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास येत होता. तामू असलं काही लावत नाही. आमच्या अंगाला एकच वास असतो, साबणाच्या सोड्याचा.

"कुणीतरी घालून फिरून आलं असेल," मी म्हणाले.

"तुझं डोकं तरी शिरेल का त्यात?" ती म्हणाली. खरंच, मी घालून बघितलं तेव्हा माझ्या डोक्यावर ते कानांपर्यंतही उतरलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी, पुलाच्या पुढच्या निलगिरीच्या वळणावर, तिच्या अगदी कानाशी कुणीतरी विचारलं...

"अजून झाली नाही ना?"

बाईचा आवाज. घसा कोरडा पडलेला.

काय झाली नाही, हे तामूला विचारावं लागलं नाही. रमजानात त्या वेळी सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो. अजान झाली नाही ना? वेळ आहे ना अजून?

दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं. मी म्हणाले, उपासाने तुझं डोकं फिरलंय. "फिरलं तर फिरू दे," ती म्हणाली. "हेल्मेट तर जागचं हलत नाही ना?" आम्ही दोघी हसलो. हसताना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मला वाईट वाटलं.

मग आला तो दिवस. रमजानचा शेवटचा आठवडा. हॉटेलात मोठी पार्टी होती, टेबलांवरच्या कापडांचा डोंगर पडला होता. मुकादमाने तामूला सोडलंच नाही. ती बाहेर पडली तेव्हा सूर्य घरांच्या मागे गेला होता.

तिने हेल्मेट घातलं. अस्तर चिंब ओलं होतं.

या वेळी आवाजाने पुलाची वाट बघितली नाही.

"लवकर."

तामूने गाडीचा वेग वाढवला.

"लवकर... ते वाट बघतायत."

तामू म्हणते, सगळ्यात भयंकर गोष्ट ही, की तिला भीती वाटली नाही. तिच्या मनातही नेमकं तेच चाललं होतं. बा वाट बघतायत. बा तोंड मिटून बसलेत. आवाज तिचा की दुसरीचा, हे कळेनासं झालं. हँडलची मूठ पिळत गेली, वेग वाढत गेला. गालाच्या गाद्या आवळत चालल्या. पट्टा गळ्याशी रुतायला लागला.

रस्ता रिकामा होत गेला.

"लवकर... लवकर..."

निलगिरीचं वळण दिसलं. वळणाच्या अलीकडे, नेहमीसारखी, काही माणसं खजुराची परडी आणि दुधाचे पेले घेऊन उभी होती. रोजा सोडायला घरी न पोचलेल्या वाटसरूंसाठी उभी राहतात, तशी. तामू रोज त्यांना हात करून पुढे जायची.

"थांबू नकोस!"

आता तो आवाज रडत होता.

आणि तामूचे हात गळाले. तिने काही ठरवलं वगैरे नाही. दिवसभर ओली कापडं पिळलेले हात होते ते, त्यांनीच मूठ सोडली. गाडी हळू झाली. तामू मोठ्याने म्हणाली, "बाई गं, मी दमले. तूही दमली आहेस. उतरू या आपण."

धापा एकदम थांबल्या.

ती परडीवाल्यांपाशी उतरली आणि अजान झाली.

पट्टा सोडून तिने हेल्मेट काढलं, रस्त्याच्या कडेला मातीत बसली. एका म्हाताऱ्या हाजीने तिच्या हातावर खजूर ठेवला, दुधाचा पेला दिला. बांचा विचार मनात आला आणि तिला रडू फुटलं.

"थांबलीस ते बरं केलंस पोरी," हाजी म्हणाला. "गेल्या वर्षी एक बाई थांबली नाही, इथेच गेली बिचारी. घरी पोरं वाट बघत होती तिची. तेव्हापासून आम्ही या वळणावरच उभे राहतो."

तामूने मांडीवरच्या हेल्मेटकडे बघितलं. मग परडीतून आणखी एक खजूर उचलला, बिस्मिल्ला म्हणाली आणि आतल्या खळग्यात ठेवून दिला. आपण काय करतोय, असं तिला क्षणभर वाटलं. पण उपाशी माणसाला खायला द्यावं, यात तिला काही वेडेपणा दिसला नाही.

पुढचा रस्ता तिने हेल्मेट हँडलला अडकवून, अगदी सावकाश कापला. कानाशी कुणी बोललं नाही.

घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. आता बा कुठे पडलेले सापडतात, या भीतीने तिने घाईने गळ्यातली किल्ली काढली. कुलूप जागेवर होतं. तिने ते उघडलं.

बा पाटावर हरिराचा वाडगा तोंडाला लावून बसले होते. सूप गरम होतं. वाफा येत होत्या.

"बा... रोजा कुणी सोडवला तुमचा?"

"कुणी म्हणजे? तूच की!" बा म्हणाले. "अजान संपतासंपताच आलीस. किती धापा टाकत होतीस! म्हटलं, आधी ते हेल्मेट काढ गं, पट्ट्याची कडी वाजतेय, तर ऐकेचना. पण घास मात्र वेळेवर भरवलास हो." मग जरा थांबून म्हणाले, "हात का एवढे गार होते तुझे?"

तामूने हेल्मेट उलटं केलं.

खळग्यातला खजूर नव्हता.

त्या रात्रीच तिने फुलाचं स्टिकर सोलून काढलं. खाली बोटभर लांब तडा होता. दुसऱ्या दिवशी ती ते द्रिसकडे घेऊन गेली. त्याने तडा बघितला, हात मागे घेतला आणि म्हणाला, "मी कुणाला विचारत नाही, लाल्ला. तूही विचारू नकोस."

आता तामूकडे नवं हेल्मेट आहे. मी तिच्यामागे लागून घ्यायला लावलं. जरा घट्ट आहे, वापरून बसेल. हिरवं तिला टाकून द्यायचं होतं, पण बांनी टाकू दिलं नाही. ते दाराच्या मागे लटकतं.

ईद झाली. रमजान संपून कितीतरी महिने लोटले. गेल्या आठवड्यात मी तामूबरोबर तिच्या घरी गेले होते. तिने कुलूप उघडलं, आम्ही आत गेलो. बांनी मान वळवली आणि विचारलं, "आज तू आहेस की ती?"

"मी आहे, बा."

बांचा चेहरा जरासा उतरला. मी बघितलं. तामूनेही बघितलं.

"तू दमतेस गं पोरी," ते म्हणाले. "ती वेळेवर येते."

तामू स्वयंपाकाला लागली. मी तिच्या मागे गेले. "तुला भीती नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"वाटायची," ती कांदा चिरत म्हणाली. "आता मी गाडी सावकाश चालवते. घाई नाही करत. कुणीतरी असतं ना त्यांच्याजवळ..." तिने डोळे पुसले. कांद्याने की कशाने, कोण जाणे. मला तिच्या त्या सुटका झाल्यासारख्या आवाजाचीच भीती वाटली.

तेवढ्यात अजान झाली.

दाराच्या मागे पट्ट्याची कडी वाजली. वारा नव्हता.

बांनी तोंड उघडलं... आणि सावकाश चावायला लागले.

त्या घरात तेव्हा एकही खजूर नव्हता. नंतर मी स्वतः फडताळातले सगळे डबे उघडून बघितले. चावून झाल्यावर बांनी तळहातावर काहीतरी काढलं आणि माझ्या दिशेने हात पुढे केला.

"टाकून दे गं हे."

ती खजुराची बी होती. ओली, आणि बर्फासारखी गार.