रिकामा हंडा

दिवा एवढाच राहू दे. एकमेकांची तोंडं दिसली म्हणजे झालं. आणि कुणाला पाणी प्यायचं असेल त्यानं आत्ताच पिऊन यावं, मध्ये कुणी उठायचं नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारा रंगवून सांगतोय. पण हे आमच्या शेजारच्या तांबटाच्या घरी घडलंय. त्याच्या आणि माझ्या घरात एक भिंत, बाकी अंतर नाही.

तांबट म्हणजे नावापुरता तांबट नव्हे, हाडाचा कारागीर. भांडं हातात आलं की आधी टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा. बायको म्हणायची, "माझं कधी इतकं मन लावून ऐकलं नाहीत." नवी भांडी कोण घडवून घेणार आता? पण जुन्या, हातानं ठोकलेल्या भांड्यांना एकाएकी भाव आला होता. खेड्यापाड्यातल्या माळ्यांवर पडलेले हंडे, घागरी, कळश्या शहरातले लोक दिवाणखान्यात नेऊन ठेवायचे. एक व्यापारी ती गोळा करायचा, आणि पोचे काढायचे, चीर बुजवायची, घासून लख्ख करायचं, हे काम तांबटाचं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कामाची जागा, तिथूनच बाहेर जायचं दार. मागच्या खोलीत चूल, अंथरुणं आणि म्हाताऱ्याची खाट. म्हातारा म्हणजे तांबटाचे वडील. तेही याच कामातले. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि मानेखाली सगळं लाकूड झालं. वाचाही गेली. राहिले ते डोळे. सून चमच्याचमच्यानं पाणी पाजायची, कधी आदळआपट नाही, कंटाळा नाही.

तर त्या वर्षी, अकरा जानेवारीला, गुरुवारी, व्यापाऱ्याची गाडी बिघडली. एका खेड्यातून एक हंडा आणायचा होता. तांबट म्हणाला, "मीच जाऊन येतो मोटरसायकलवर. त्यात काय एवढं."

साडेचारला पोचला. घर गावाच्या टोकाला, बंद. मालकीण दीड वर्षापूर्वी वारलेली. तिचा पुतण्या कुलूप उघडायला आला. पस्तिशीचा माणूस, पण दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. आत एक रिकामी खाट, आणि समोरच्या कोपऱ्यात तिवईवर तो हंडा. दोन घागरी सहज मावतील एवढा. तांबट पाहतच राहिला. ठोका असा एकसारखा, की घडवणाऱ्यानं श्वास मोजून हात चालवला असावा.

पण हंडा काठोकाठ भरलेला. स्वच्छ, ताजं पाणी.

"बंद घरात पाणी कुणी भरलं?" तांबटानं विचारलं.

"असतं भरलेलं," पुतण्या म्हणाला. त्याच्याकडे न बघता.

दोघांनी मिळून हंडा अंगणात आणला, कलता केला, पाणी ओतून दिलं. पाणी जमिनीत जिरेपर्यंत पुतण्या तिथंच उभा होता. मग म्हणाला, "लवकर न्या. अंधार व्हायच्या आत."

तांबटानं हंडा गोधडीत गुंडाळून मागं बांधला आणि निघाला. दोन मैल गेला असेल नसेल, त्याला तहान लागली. थंडीचे दिवस, ऊन नाही, घाम नाही. बाटली होती ती एका दमात संपवली. पुढच्या फाट्यावर थांबून टपरीवर पाणी मागितलं. परत थोड्या अंतरावर एका गॅरेजात. गॅरेजवाला हसला, "काका, उंट आहात की काय?" तांबटही हसला. पण घशात वाळू भरल्यासारखं होत होतं.

घरी आला आठला. हंडा पुढच्या खोलीत ठेवला. जेवताना पुन्हा पाणी, जेवल्यावर पुन्हा पाणी. बायको म्हणाली, "तुम्हाला झालंय काय? थांबा, मलाच लागलीय तहान..." आमच्या गल्लीत नळ सकाळी साडेसहाला यायचा. रात्री दहाला त्यांच्या घरात बादली कोरडी, माठ कोरडा. म्हाताऱ्यासाठी एक तांब्या भरून झाकून ठेवला होता, तेवढा उरला. सुनेनं निजण्यापूर्वी त्यांना नेहमीसारखे आठ-दहा चमचे पाजले आणि दिवा मालवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

तांबटानं चाचपडत उचलला. पलीकडे पुतण्या.

"हंडा कुठं आहे?"

"आहे की घरात. ही काय वेळ झाली?"

"पाणी आहे का त्यात?"

"पाणी कशाला असेल? रिकामा आहे."

 

"भरा तो. आत्ता भरा. मी दीड वर्ष रोज संध्याकाळी जाऊन भरत होतो हो. एक दिवस चुकवला नाही. आता होत नव्हतं माझ्यानं... म्हणून दिला."

"नीट सांगा काय ते."

मग तो बोलला. चुलती अंथरुणाला खिळलेली. हा तिला सांभाळायचा. एकदा तीन दिवसांसाठी म्हणून बाहेरगावी गेला. हंडा भरून ठेवला आणि गेला. हंडा समोरच्या कोपऱ्यात, खाट इकडे. पेला हंड्यावर. तिच्या हाताशी काही ठेवायचं सुचलंच नाही. तिकडे काम लांबलं... हा आला नवव्या दिवशी. ती जमिनीवर होती. सरपटत अर्ध्यापर्यंत गेलेली. हात पुढे. हंडा तसाच भरलेला.

"हंडा भरलेला असला की ती गप्प असते," पुतण्या म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका... तुमच्या घरात अंथरुणावर कुणी आहे का?"

तांबटाच्या तोंडातून कसाबसा एक शब्द निघाला. "वडील."

फोन बंद झाला.

आणि पुढच्या खोलीतून आवाज आला.

खर्रर्र...

थांबला.

जड काहीतरी फरशीवरून ओढल्यासारखा. मग जरा वेळ शांत. जणू दम घ्यायला थांबलंय. मग पुन्हा. खर्रर्र...

बायको उठून बसली. तिनं दिवा लावला. मागच्या खोलीचा लागला, पुढचा लागेना. दोन्ही खोल्यांमध्ये उघडं दार आणि दारापलीकडे काळोख. हंडा दिसत नव्हता. काहीच दिसत नव्हतं.

"अहो... मामंजींकडे बघा."

म्हाताऱ्याचे डोळे सताड उघडे, त्या काळोखाकडे लागलेले. आणि ओठ... रात्री दहाला ओले केलेले ओठ. ते तडकले होते. उन्हात फुटलेल्या चिखलासारखे. गाल आत ओढले गेलेले. चार तासांत.

तांबटानं तांब्या उचलला. एकच तांब्या. हंड्यात ओतायचा तर उंबरा ओलांडायला हवा. सहा पावलं. जास्त नाही. तो उंबऱ्यापर्यंत गेला.

खर्रर्र...

अगदी समोर. पायांशी.

त्याचा पाय उचलला नाही.  तो मागं फिरला, खाटेपाशी बसला, बापाची मान मांडीवर घेतली आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

"प्या बाबा. प्या."

म्हातारा प्यायला. घटाघटा. तीन वर्षं चमच्यानं पिणारा माणूस. थेंब सांडला नाही. तांब्या रिकामा झाला... आणि ओठ तसेच कोरडे.

तांबटानं मला फोन लावला. दोनदा. मी रात्री फोन बंद करून झोपतो. हाका माराव्यात तर दोघांच्याही घशातून आवाज फुटेना. बसून राहिले. नवरा-बायको, मध्ये म्हातारा. आवाज थांबत होता. येत होता. पावणेचारच्या सुमारास तो थांबला तो थांबलाच.

तांबटानं वाकून पाहिलं. म्हातारा गेला होता.

साडेसहाला नळाचा आवाज झाला, उजाडायला लागलं, तेव्हा कुठे सुनेनं टाहो फोडला. माणसं धावली. डॉक्टर आला. त्यानं म्हाताऱ्याची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती तशीच उभी राहिली. डॉक्टर सुनेवर डाफरला, "किती दिवस पाणी नाही दिलंत यांना?"  तिच्याकडे बघवत नव्हतं.

हंडा त्याच दिवशी परत गेला. पुतण्या स्वतः येऊन घेऊन गेला. भरलेला हंडा टेम्पोत ठेवून, दोन्ही हातांनी झाकण दाबून बसला होता. मान वर केली नाही त्यानं. तांबट काम करतो अजून, पण घरात अंथरुणाशेजारी पाणी ठेवल्याशिवाय दिवा मालवत नाही.

हे झालं त्यांचं. आता माझं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्या रात्री मी जागा होतो. चार वाजायला पाच-सात मिनिटं होती, समोर घड्याळ होतं. माझं दार वाजलं. वाजलं ते मुठीनं वाजतं तसं नाही. खालून. जमिनीपासून वीतभर उंचीवर. आणि आवाज आला. घोगरा, सुकलेला. "पाणी..."

बाईचा होता.

मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

मग पुन्हा. "पाणी..." या वेळी पुरुषाचा. मला वाटलं, तांबट असेल. काय झालं कुणास ठाऊक, घशाला काहीतरी झालं असेल. उठावं, असं मनात आलं. खरंच आलं. पण नाही उठलो.

दुसऱ्या दिवशी सगळं आवरल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "माफ कर रे. तू रात्री दार वाजवलंस, मी उघडलं नाही."



"दादा, मी कुठं आलो होतो? उजाडेपर्यंत आम्ही उंबरासुद्धा ओलांडला नाही."

मी तिथून उठलो. टाहो ऐकून पहाटे दार पहिल्यांदा मीच उघडलं होतं. गल्लीत तोवर कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. रस्त्यावर धूळ, बोटभर जाड. आणि त्या धुळीत तांबटाच्या दारापासून माझ्या पायरीपर्यंत काहीतरी सरपटत आल्याच्या रेघा.

दोन. शेजारीशेजारी.