न आलेल्या विमानाचे प्रवासी

कुकरची शिट्टी झाली आणि ती जागच्या जागी दचकली.

दचकणारच. ती कुणाच्या स्वयंपाकघरात नव्हती, विमानतळावर होती. लांबलचक दालन, ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि एकाही खुर्चीत माणूस नाही. सामानाचा पट्टा गप्प पडलेला. फरशी इतकी लख्ख, की स्वतःच्याच चपलांचा आवाज तिला आगाऊपणा वाटत होता... आणि तेवढ्यात ही शिट्टी!

"घाबरू नका. विमान नाही, भात आहे," मागून आवाज आला. "पर्स इथे ठेवा."

"मी वकील आहे."

"असाल. पर्स मात्र इथेच ठेवा."

उंच, सावळा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. चेहरा गंभीर, पण डोळे काही ऐकायला तयार नव्हते... ते हसतच होते. पर्स यंत्रात गेली. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वकीलबाई, पिस्तूल बाळगता?"

पर्समधून हिरवंगार, प्लॅस्टिकचं, पाणी उडवायचं पिस्तूल निघालं. ती कानापर्यंत लाल झाली. "भाचीचं आहे ते!"

"पकडल्यावर सगळे भाच्यांचंच नाव सांगतात." पिस्तूल त्याच्या कपाटात गेलं. "परत जाताना मिळेल."

"इथे अजून एकही प्रवासी विमान उतरलेलं नाही. आणि तुम्ही तपासणी कसली करताय?"

"विमान येत नाही, हा विमानाचा दोष," तो म्हणाला. "आम्ही आलोय ना?"

त्या एका वाक्यावर तिला खरं तर चिडायचं होतं. जमलं नाही.

तो त्या विमानतळाचा प्रमुख. जन्मात विमान चालवलं नव्हतं, पण सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. गावाने हौसेने जमीन दिली, धावपट्टी झाली, फीत कापली गेली. एका कंपनीने उड्डाणांचा करार केला, सवलती पदरात पाडून घेतल्या आणि मग जी पाठ फिरवली ती फिरवलीच. शेवटी गावकरी कोर्टात गेले आणि त्यांची बाजू मांडायला ही उभी राहिली.

तिचं स्वतःचंही एक कारण होतं. ताई आणि भावोजी दूरच्या महानगरात इस्पितळात नोकरीला. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून त्यांची पिटुकली मावशीकडे वाढत होती. रस्त्याने यायचं तर एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र जायची. मोठ्या सुट्टीशिवाय आईचं तोंड दिसायचं नाही. रोज फोन ठेवताना पिटुकली विचारायची, "आई, तू उद्या येशील?" आणि पलीकडे ताई घसा खाकरायची.

माहिती गोळा करायला ती विमानतळावर येऊ लागली, तेव्हा तिला तिथली खरी गंमत कळली. दर दुपारी ही माणसं एक विमान सोडायची. नसलेलं! कॅप्टन माइकवर घोषणा करायचा. अर्धे कर्मचारी प्रवासी व्हायचे, अर्धे कामाला लागायचे. रिकाम्या बॅगा पट्ट्यावरून फिरायच्या. अग्निशमनवाले गाडी सुरू करून धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. वाळलेल्या गवतावरून गरम वारा यायचा, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी फुगायची... आणि विमान तेवढं नसायचं.

"आज प्रवासी कमी आहेत. बसता का?" त्याने एकदा विचारलं.

"मी कोण?"

"सामान हरवलेल्या, तापट बाई."

"हे मला जमणार नाही."

"तुम्ही नुसतं बोला. आपोआप जमेल."

मग ती कधी तापट बाई झाली, कधी उशिरा धावत आलेली नवरी. शाळा सुटल्यावर पिटुकलीही येऊ लागली आणि 'विमानकाकां'ना भंडावून सोडू लागली. खोट्या तिकिटावर तो दर वेळी न विचारता खिडकीची जागा लिहायचा.

"बाहेर बघायला तर काही नसतं," ती एकदा म्हणाली.

"म्हणूनच तर... इकडे बघता येतं," तो म्हणाला आणि घाईघाईने माइककडे वळला. ती घोषणा त्या दिवशी दोनदा चुकली.

"केस जिंकलात, की तुमचं इथलं काम संपणार ना?" त्याने दुसऱ्या कुठल्या दिवशी विचारलं.

"संपणार."

"मग... जरा हळू जिंका."

कोर्टात मात्र हळू काही चाललं नव्हतं. कंपनीचे वकील ठासून म्हणाले, "महाराज, तिथली माणसं गंजली आहेत. अशा ठिकाणी विमान उतरवणं म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ." न्यायालयाने एका निवृत्त न्यायाधीशांना पाहणीसाठी नेमलं. अचानक जायचं, विमानतळाला कळवायचं नाही. अहवाल वाईट आला तर अर्ज फेटाळला जाणार, विमानतळाला टाळं लागणार आणि माणसं चार दिशांना पांगणार.

पाहणीचा दिवस फक्त दोन्ही वकिलांना ठाऊक होता. आदल्या संध्याकाळी तिने फोन हातात घेतला. एकच वाक्य पुरलं असतं: उद्या तो कुकर तेवढा लपवा. अंगठा त्याच्या नावापर्यंत गेला... आणि तिने फोन उशीखाली सारला. त्याला सांगायची गरज आहे असं मानणं, हाच त्याचा अपमान झाला असता.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश आणि दोन्ही वकील दारातून आत शिरले आणि कुकरने सलामी दिली. कंपनीच्या वकिलांच्या मिशा हसल्या.

तेवढ्यात माइक खरखरला. घोषणा! बॅगा फिरू लागल्या, माणसं रांगेत लागली. न्यायाधीश थेट आत निघाले, तर कॅप्टन आडवा आला.

"ओळखपत्र आणि बॅग, साहेब."

"मी न्यायालयातर्फे आलोय."

"स्वागत आहे. बॅग इथे ठेवा."

बॅगेतून फळं कापायची छोटी सुरी निघाली. "परत जाताना मिळेल," कॅप्टन शांतपणे म्हणाला. मग त्याने तिच्यापुढे हात केला. चेहऱ्यावर ओळखीची रेघही नव्हती.

"मलाही?" ती पुटपुटली.

"दारात मी कुणालाच ओळखत नाही, मॅडम." आणि पर्स परत देताना, फक्त तिला ऐकू जाईल असं, "आत गेल्यावर ओळखतो."

ऊर भरून येणं म्हणजे काय, ते तिला त्या दारात कळलं.

न्यायाधीशांनी अग्निशमनाची गाडी पाहिली, धावपट्टी पाहिली. जाताना सुरी खिशात घालत ते कंपनीच्या वकिलांना म्हणाले, "गंजलेली माणसं मला अडवतील कशी हो?" अहवालातही त्यांनी हेच लिहिलं. निकाल लागला. कंपनीला ठरलेल्या मुदतीत उड्डाणं सुरू करावी लागली.

पहिलं विमान आलं तेव्हा काचेवर बारीक पाऊस होता. सारं गाव कुंपणाला लटकलेलं. ढगातून दिवे दिसले, मोठे झाले, चाकं टेकली. अग्निशमनवाल्यांनी पाण्याची कमान धरली. कॅप्टनने माइक उचलला. तीच घोषणा, रोजची... पण या वेळी त्याचा आवाज कापला आणि ते त्याने लपवलंही नाही. कुकरवाले आचारी तर हुंदके देत टाळ्या पिटत होते.

सर्वांत आधी ताई धावत आली. पिटुकली तिच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सुटलीच नाही.

गर्दी ओसरल्यावर तो जवळ आला. शर्ट भिजलेला. तळहातावर हिरवं पिस्तूल.

"पहिल्या दिवसापासून राहिलंय तुमचं."

"मी मागितलंच नाही," ती म्हणाली. "काहीतरी इथे राहायला हवं होतं... म्हणजे परत यायला..."

तिने पिस्तुलाकडे हात नेला, पण उचललं नाही. पाऊस काचेवर वाजत होता.

आईच्या कडेवरून पिटुकलीने वाकून पिस्तूल उचललं. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"मावशी, केस जिंकलीस, विमान आलं, आई आली, पिस्तूलपण मिळालं," ती बोटांवर मोजत म्हणाली. "मग उद्या आपण इथे कशाला यायचं?"