भस्माची तीन बोटं

"जीप पंपावर उभी हाय! डिझेल भरलं की इकडंच येणार!" शेजारचा सुरज धापा टाकत ओसरीवर येऊन आदळला.

वर्षाराणीनं आतल्या दाराकडे पाहिलं. जीप आली की त्रिंबककाका केजला जाणार, आणि त्यांच्याबरोबर अप्पांचा कॅमेराही जाणार! काकांच्या मित्राच्या नव्या हॉटेलात तो काचेच्या कपाटात शोभेला बसणार होता.

धोंडप्पा हे वर्षाराणीचे आजोबा, पण सगळ्या नांदूरघाटचे अप्पा. कापडाचं दुकान सांभाळून त्यांनी या काळ्या, वजनदार सिनेमा-कॅमेऱ्यानं घरातली बारशी, लग्नं, पोळ्याच्या मिरवणुका टिपल्या होत्या. आत खरीखुरी फिल्म, बटण दाबलं की घरघर! इतकं देखणं यंत्र वर्षाराणीनं दुसरं पाहिलं नव्हतं. यंदा आत्यानं मुद्दाम नवं रीळ मागवून दिलं होतं आणि सुट्टीत नातवंडांचा सिनेमा काढायचं अप्पांनी कबूल केलं होतं. पण काल त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ तसेच बसले आणि खाली ठेवत म्हणाले, "माजी नजर गेली, पोरांनो. घेऊन जा म्हणावं त्रिंबकला." तेव्हापासून ते धड जेवलेही नव्हते.

"पण नजर गेली कशी?" तिचा धाकटा भाऊ संगमेश्वर म्हणाला. "सकाळी फाट्यावरच्या एसटीची पाटी वाचली त्यांनी! मला तर नुसती लाल गाडी दिसत हुती."

वर्षाराणी ताडकन उठली. "काय म्हणलास? पाटी वाचली? चला आत!"

कॅमेरा कोनाड्यात होता. संगमेश्वरनं त्याला डोळा लावला. "सगळं धुकंच हाय की!"

सुरजनं तो हिसकावून घेतला. "कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय बे!"

वर्षाराणीनंही पाहिलं. अंगणातला विजेचा खांब कसा पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता.

"तिघांची नजर एकदम जाईल का?" ती म्हणाली. "अप्पांचे डोळे ठणठणीत हायत! ह्यालाच कुणीतरी काहीतरी केलंय."

तिनं कॅमेरा उजेडात धरून उलटसुलट केला आणि तिचा हात थांबला. दर दसऱ्याला महानंदाआजी दुकानातल्या कात्रीची, कापड मोजायच्या गजाची आणि या कॅमेऱ्याची पूजा करायची. ओल्या भस्माची तीन बोटं ओढायची, दरवर्षी अगदी त्याच जागी. डोळा लावायच्या भिंगाभोवतीच्या कडीवरून ते पट्टे सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर जायचे. कडीच्या खाचांत ते पांढरं इतकं मुरलं होतं की पुसूनही जात नव्हतं. आणि आज तिन्ही पट्टे मधोमध तुटले होते! अर्धे जागच्या जागी, अर्धे कडीबरोबर खाली घसरलेले.

"कुणीतरी कडी फिरवलीय!" संगमेश्वर ओरडला. "पण कुणी?"

बाहेर हॉर्न वाजला. त्रिंबककाका बॅग घेऊन आत आले. "आणा रे तो कॅमेरा! लई उशीर झाला."

काकांच्या जाड भिंगांआडून त्यांचे डोळे दुप्पट मोठे दिसत. वर्षाराणीनं त्या भिंगांकडे पाहिलं, मग कडीकडे, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काका, जायच्या आधी एकदा यातून बघा ना. चष्मा काढून बरं का!"

"काय पोरखेळ लावलाय!" म्हणत काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि डोळा लावला. "हात्तिच्या! किती स्वच्छ दिसतंय! खांबावरचा नंबरसुद्धा वाचता येतोय. कोण म्हणतं बिघडलाय?"

"आमी म्हणतो!" तिघंही एका सुरात ओरडली.

"आमाला कुणालाच दिसत न्हाई काका, अप्पांनाबी न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "तुमाला तेवढं दिसतंय, चष्म्याबिगर! कारण ही कडी फिरवली की भिंग ज्याच्या-त्याच्या नजरेला जुळतं, आन आता ती तुमच्या डोळ्याला लावलीय."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "परवा जरा फिरवून बघितली हुती... परत जागेवर आणायची राहून गेली." मग अप्पांच्या खोलीकडे बघत ते हळूच म्हणाले, "अरे देवा! आणि ते बिचारे स्वतःलाच दोष देत बसले." ते दारात गेले आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "जीप घेऊन जा बाबा तू पुढं!"

तिन्ही पट्टे जुळेपर्यंत वर्षाराणीनं कडी हलकेच फिरवली आणि धावत जाऊन कॅमेरा अप्पांच्या हातात दिला. अप्पा नको नको म्हणत होते, तरी तिनं तो त्यांच्या डोळ्याला लावलाच.

"भिंगाच्या मधल्या गोलात खांब कसा दिसतोय, अप्पा?"

"अंतर जुळवायच्या आधी दिसतो तसा, तुटलेला. वरचा तुकडा एकीकडं, खालचा दुसरीकडं. पण स्वच्छ हाय गं!" त्यांनी अंतर जुळवायची पुढची कडी फिरवली. तुकडे एकमेकांकडे सरकत आले. "जुळला! खांब जुळला! मागची कडी वर्षानुवर्षं हलली नव्हती, म्हणून माज्या ध्यानातच आलं न्हाई!" अप्पांच्या गालांवर पाणी ओघळत होतं.

"बाई गं! मी आपली पूजेची म्हणून बोटं ओढत हुते." आजीनं वर्षाराणीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई हुशार निघाली लेकरं!"

"मला चष्मा काढायला लावून उघडं पाडलं कार्ट्यांनी! शाब्बास!" काका स्वतःचे कान पकडत म्हणाले.

मग काय! अप्पांनी अंगणभर फिरत सिनेमा काढला. सुरजची कोलांटी, संगमेश्वरची वाकडी तोंडं, पदराआड हसणारी आजी. थोडीच फिल्म उरली तेव्हा वर्षाराणीला एकदम आठवलं. घरातल्या सगळ्या रिळांमध्ये सगळे होते, फक्त अप्पा कुठंच नव्हते. ते कायम कॅमेऱ्यामागेच!

"अप्पा, आता तुमी तिथं बसा. राहिलेली फिल्म माजी."

अप्पा गडबडले. मग हसून त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. "आधी मागची कडी तुज्या डोळ्याला लावून घे."

"पण पट्टे तुटतील ना!"

"तुटू दे. येत्या दसऱ्याला आजी नवे ओढंल."

वर्षाराणीनं कडी फिरवली. मधल्या गोलात अप्पांची पांढरी टोपी एकीकडे होती आणि हसरं तोंड दुसरीकडे. तिनं श्वास रोखून पुढची कडी फिरवली, अगदी हळू.

"अप्पा जुळले!" ती ओरडली आणि तिनं बटण दाबलं.