गाडी खाली बसेना

खुर्च्या जरा जवळ ओढा. आणि तो मोबाइलचा उजेड बंद कर, डोळ्यांवर येतो. गोष्ट सांगा म्हणालात ना, मग मधे मधे विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा तीस वर्षांपासूनचा शेजारी. माझ्या लेथच्या बरोबर समोर त्याचं गॅरेज. बरंचसं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलंय. आणि मी लेथवाला माणूस. सुताचा फरक मला लांबून दिसतो, आणि जे मापता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही.

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाडी वळणावर असतानाच आवाजावरून रोग सांगायचा. बायकोची हाक मात्र त्याला तिसऱ्या खेपेला ऐकू यायची.

तर, फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी साडेसहाला त्याची पुतणी गाडी घेऊन आली. थोरल्या भावाची मुलगी. भाऊ जाऊन चौदा वर्षं झाली होती, पोर आता बावीस वर्षांची. गाडी बापाच्याच वेळची, घरची, जपलेली. सीटवर आईनं शिवलेली खोळ सुद्धा तीच.

"काका, सोमवारी मला नोकरीवर हजर व्हायचंय," ती म्हणाली. "नऊ तासांचा रस्ता आहे. उद्या सकाळी आई आणि मी याच गाडीनं निघणार. पण रात्री उभी केली की सकाळी मागून पार जमिनीला टेकलेली असते."

"दुसऱ्या कुणाला दाखवलीस?"

"एकाला. तो म्हणाला, असल्या गाड्या आता कुणाला कळत नाहीत, भंगारात द्या. आई ऐकेना."

कानसेन बॉनेट उघडून कान लावून उभा राहिला. या गाड्या तुम्ही पाहिल्या नसतील. त्यांना पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकावर चेंडूएवढा लोखंडी गोळा, अर्ध्यात वायू, अर्ध्यात तेल. हिरवंगार तेल. पंप ते दाबतो आणि गाडी जागची उठते. दोन सीटच्या मधे एक दांडी असते. ती वर केली की गाडी उंच होते, खाली केली की तेल परत टाकीत जातं आणि गाडी खाली बसते. माणूस खाली असेल तर माणसावर बसते. म्हणून आधी लाकडी ठोकळे लावायचे, मगच खाली शिरायचं.

पंपाचा टक असा आवाज येत होता. धडधाकट गाडीत तो अर्ध्या-पाऊण मिनिटाला यावा. इथे तीन सेकंदांना येत होता.

"पंपाजवळच्या मुख्य गोळ्यातला वायू गेलाय," तो म्हणाला. "आणि मागे उंची सांभाळणारा वाल्व्ह गंजून अडकला असेल. सकाळपर्यंत करतो."

"आणि तो पाइप आधी बघा, काका," पोर म्हणाली. "बाबांनी बदलला नव्हता तो." मग तिला राहवलं नाही. "स्वतः मेकॅनिक, आणि स्वतःच्या गाडीचा पाइप बदलायचा कंटाळा केला. मी आठ वर्षांची होते हो. माझा सुद्धा विचार आला नाही का त्यांच्या मनात?"

कानसेन फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

आता इथे तुम्हाला मागचं सांगायला हवं.

गॅरेज दोघा भावांचं. त्यांची एक पद्धत होती. ज्याच्या हातात दांडी असेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "सोडतोय." दुसऱ्यानं जिथे असेल तिथून म्हणायचं, "सोड." ते उत्तर कानावर आल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. दिवसातून दहादा माझ्या लेथपर्यंत ऐकू यायचं. सोडतोय, सोड. मला त्याची इतकी सवय होती की सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं वाटायचं.

आणि मग दोघांचा अबोला झाला. कशावरून, तर रेडिओवरून. थोरल्याला काम करताना गाणी लागायची, याला पंपाचा आवाज ऐकायचा असायचा. यानं एकदा रागानं वायर उपटली. झालं. तीन दिवस दोघे एकाच छपराखाली, एकमेकांना पाना पुढे करत होते, पण शब्द नाही. आम्हाला गंमत वाटायची. मी तर दोघांना विचारायचो, चिठ्ठ्या पोचवायला माणूस हवा का म्हणून.

चौथ्या दिवशी रविवार होता. थोरल्यानं आपलीच गाडी कामाला घेतली होती. गाडी पूर्ण उंचीवर. ठोकळे तू लावतोस की मी, एवढं सुद्धा कुणी कुणाला विचारलं नाही. मागे नळ चालू होता. याला वाटलं, दादा हात धुतोय. यानं दारातून हात घातला आणि दांडी खाली केली. "सोडतोय" म्हणाला नाही. म्हणजे आधी बोलावं लागलं असतं ना.

थोरला नळ तसाच सोडून गाडीखाली गेला होता.

मी धावत गेलो. आम्ही पाच जणांनी गाडी उचलली. उशीर झाला होता. कुणीतरी विचारलं, झालं काय? आणि कानसेनच्या तोंडून निघून गेलं, "पाइप फुटला." एवढंच. पुढचं लोकांनीच जोडलं. थोरल्यानं हयगय केली, पाइप बदलायचा होता, बदलला नाही, ठोकळे लावले नाहीत. मी सुद्धा तसंच म्हणालो, पोरांनो. मेलेल्या माणसाला मी निष्काळजी म्हणालो, आणि हा समोर उभा राहून ऐकत होता. मला अजून त्याचा राग येतो. आणि माझाही.

फुटलेला पाइप यानं सांधून दिला असंच घरच्यांनी धरलं, आणि त्यानंतर असल्या गाडीला त्यानं हात लावला नाही. ही पहिलीच.

पुतणी गेली. त्यानं शटर अर्धं ओढलं. गाडी उंच केली, चार ठोकळे लावले, दोनदा हलवून पाहिले, आणि दिवा घेऊन खाली गेला. तो पाइप समोरच होता. कारखान्यातून आलेला. वरचा काळा रंग सुद्धा शाबूत. कुठलाही शहाणा मेकॅनिक खाली गेला असता तर त्याला दिसलं असतं की हा पाइप जन्मात कधी फुटलेला नाही. चौदा वर्षं त्याला त्याचीच धास्ती होती. त्यानं पाना काढला. पाइप सोडवून टाकायचा, नवा लावायचा, सकाळी पोरीला म्हणायचं, हा बघ बदलला. पाना जोडावर ठेवला सुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतला. आधी मागचा वाल्व्ह सोडवू म्हणाला, हे नंतर.

वाल्व्हला वेळ लागला. गंज हट्टी होता. बाहेर येऊन घड्याळ पाहिलं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोर माझं दुकान बंद.

आता मुख्य गोळा बदलायचा. त्याच्यासाठी आधी गाडी खाली घ्यावी लागते. त्यानं ठोकळे काढून भिंतीशी ठेवले. चार. मोजले. वाकून खाली पाहिलं. दिवा फिरवला. कुणी नाही. इंजिन बंद केलं.

दारातून हात घातला. दांडी खाली केली.

फुस्स आवाज झाला. तेल टाकीत परत गेलं. टाकीतली पातळी वर चढलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली.

गाडी खाली बसली नाही.

तो थांबला. वाल्व्ह अजून अडकलाय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग पंपाजवळचा दाब सोडायचा स्क्रू उघडला. अर्धा फेरा. एक फेरा. दीड. काही नाही. मग इंजिनाजवळचे दोन्ही जोड, पुढच्या चाकांचा आणि मागच्या चाकांचा, सरळ पान्यानं सोडवले. टाकीची नळी सुद्धा काढली. तेल भळाभळा जमिनीवर आलं. खाली डबा लावायचं भान राहिलं नाही. सगळं तेल गेलं. पाइप रिकामे. आता गाडीला उचलून धरणारं… काहीच नव्हतं.

गाडी उभी होती. पूर्ण उंचीवर.

त्यानं मागे जाऊन डिकीवर हात टेकले. भार दिला. हलली नाही. पुन्हा वाकून पाहावं असं वाटलं. पाहवेना.

मग त्याला ऐकू आलं. म्हणजे, आवाज नव्हे. कान त्याचा. त्याला कळलं की कुणीतरी दम रोखून धरलाय. जड वस्तू उचलून धरली की माणूस धरतो तसा. खालून. जमिनीलगत.

तो भिंतीला टेकला. तसाच खाली बसला.

"दादा…"

काही नाही.

चौदा वर्षं हा एकटाच काम करत होता. हाक द्यायची वेळच आली नव्हती.

"दादा… सोडतोय."

काही नाही. गाडी तशीच. दिवा तसाच. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, बारा वाजायला आले होते.

तो रडला. हे त्यानंच मला सांगितलं, लाजला नाही. म्हणाला, मला वाटलं होतं एवढं म्हटलं की पुरे. चौदा वर्षांपूर्वी पुरलं असतं. आता पुरेना.

"तुझ्या पोरीला सांगतो," तो म्हणाला. "पाइप फुटला नव्हता. मी दांडी खाली केली. तुला विचारलं नाही. उद्या सांगतो. वहिनींना पण सांगतो."

बराच वेळ…

मग गाडी हलली. आधी पुढून. मग मागून. इतकी सावकाश, की झोपलेलं मूल कुणीतरी अंथरुणावर ठेवतंय असं वाटावं. तो ओरडत उठला, खांदा लावायला धावला, खाली कुणी आहे या भीतीनं. खांदा लावायची गरजच पडली नाही. गाडी त्याच्या हाताखालून हलकेच गेली आणि पार तळाला जाऊन टेकली.

मी त्याला विचारलं होतं, "सोड" असं ऐकू आलं का रे? तो माझ्याकडे बघत राहिला. मीही पुन्हा विचारलं नाही.

सकाळी सातला मायलेकी बॅगा घेऊन आल्या. मी शटर उघडत होतो. समोर तिघं उभी, गॅरेजच्या दारात. कानसेन बोलत होता, मान खाली. ऐकू येत नव्हतं, पण मला दिसत होतं. वहिनींच्या हातातली बॅग हळूच जमिनीवर टेकली. त्यांनी काही उचललं नाही, काही फेकलं नाही, शिवी दिली नाही. चौदा वर्षांचं एका सकाळी ऐकल्यावर माणूस काय करणार?

पोरगी मात्र बोलली. मी रस्ता ओलांडून जवळ पोचलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"म्हणजे बाबांनी कंटाळा केला नव्हता?"

"नाही," कानसेन म्हणाला. "त्याचा पाइप चांगला आहे. खाली जाऊन बघ. अजून चांगला आहे."

ती दोन पावलं मागे सरकली आणि रडायला लागली. काकाकडे गेली नाही. आईकडेही नाही. एकटीच. इतकी वर्षं मेलेल्या बापावर रागावून काढली होती हो तिनं. तो राग आता कुठे ठेवायचा?

गाडी आज निघणार नव्हतीच. पण जमिनीवर सगळीकडे तेल, ते पुसायला गाडी बाहेर काढायला हवी होती. कानसेननं मला हात लावायला सांगितलं. पोर डोळे पुसत स्टिअरिंगला बसली, मी आणि कानसेननं मागून ढकललं. गाडी रस्त्यावर आली. मी भुशाचं पोतं घेऊन आत वळलो, आणि वहिनींनी माझा दंड धरला.

"थांबा," म्हणाल्या.

हिरवं तेल दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पसरलं होतं. सपाट सिमेंट, कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही, मी नंतर पट्टी लावून पाहिलंय. गाडी उभी होती तिथे मधोमध तेल एका जागेला वळसा घालून गेलं होतं. आत सिमेंट कोरडं. ठणठणीत. डोकं, खांदे, पाठ. एक पाय लांब सोडलेला. दुसऱ्या पायाच्या जागी तेलच होतं, फक्त लांब सोडलेल्या पायाच्या गुडघ्याशेजारी एका पावलाएवढा कोरडा ठसा, वेगळा.

मला काही समजेना. कानसेन भिंतीला धरून उभा होता.

वहिनी कडेला उकिडव्या बसल्या. मग एक बोट त्या वेगळ्या ठशाकडे केलं, आणि अगदी घरातल्यासारखं, हळू आवाजात म्हणाल्या,

"डावा गुडघा उभा. झोपेत सुद्धा ते असाच ठेवायचे."