अकरा मिनिटांचा जबाब

लिफ्टचं दार मिटत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी मध्ये पाय घातला. सातवा मजला. माझ्या पिशवीत ओले बोंबील, केस विस्कटलेले, आणि समोर हा — आठवड्यापूर्वी भाड्याने राहायला आलेला सौमित्र. विचारलं काय, तर पाणी किती वाजता येतं.

मी सांगितलं. पाय काही निघाला नाही. लिफ्ट टीं टीं करत राहिली, आम्ही बोलत राहिलो... आणि मग दार अडकलं ते अडकलंच.

आळ आला लिफ्टमन सीतारामकाकांवर. म्हणे, ढकलाढकली करून दार यांनीच मोडलं. आमची चाळ पाडून लालबागला हा टॉवर उभा राहिला. चाळीत होतो तेव्हा याच माणसाने निम्म्या बिऱ्हाडांची आजारी माणसं पाठीवर घेऊन जिन्यांवरून उतरवलीत. टॉवरमध्ये आल्यावर लोक हे सोयीस्कर विसरले. रविवारच्या सभेत काकांना काढायचा ठराव. सेक्रेटरी कोण? माझे अप्पा.

शनिवारी संध्याकाळी काकांच्या बाजूने दोन पानं खरडून मी सौमित्रला गच्चीत गाठलं. तो वकिलाच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे जबाब टाइप करतो. वाचून म्हणाला, हे भाषण झालं. गरिबाला कोण चिरडतं ते राहू दे. आधी काय घडलं, मग काय, किती वाजता — तेवढंच लिही. वाटलं ते नको, घडलं ते.

“लिहिलं की अख्ख्या बिल्डिंगला कळेल.” मी म्हणाले.

“काय कळेल?”

“तू पाय घातलास ते.”

“आणि तू काढ म्हणाली नाहीस, ते?”

“ते वाटलेलं आहे. तूच म्हणालास, नको.”

“नाही हं... ते घडलेलं आहे.”

त्याच्याकडे न बघता मी ते लिहिलं.

रविवारी अप्पांनी कागद उघडून नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचायला घेतला.

“सात वीसला सौमित्र यांनी दारात पाय ठेवून पाण्याची वेळ विचारली. मी पाय काढायला सांगितलं नाही. सात एकतीसला दार अडकलं. सीतारामकाका त्यानंतर आले...”

शेवटाकडे आवाज बसला. अप्पांनी चष्मा काढला.

“पाण्याच्या वेळेला अकरा मिनिटं?”

मागे खुर्ची सरकली.

“अप्पा, विचारायचं दुसरंच होतं,” सौमित्र म्हणाला. दिवसभर जबाब टाइप करणारा माणूस, पण शब्द सापडेना. “मी... तिला आवडतो का, ते. अजून विचारलेलं नाही.”

अप्पांनी ठरावावर रेघ मारली. काकांना म्हणाले, उद्या वेळेवर या. मग माझा कागद माझ्यापुढे सरकवला.

“अर्धवट कागद दप्तरी लावत नाही मी. पुरा कर.”

मी पेन घेतलं. खाली वेळ टाकली, अकरा वाजून पाच. आणि वेळेपुढे एकच शब्द लिहिला.

हो.