रविवारचं गुलाबी मीडियम

त्याची माझी पहिली भेट लॅबमधल्या इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या, दारात झाली. आम्ही दोघांनी एकदमच हँडलला हात घातला आणि एकदमच म्हणालो, "आधी तुम्ही." तो हसला... आणि मी माझ्या पेशींच्या डिश भलत्याच कप्प्यात ठेवून आले.

तो शेजारच्या खोलीत हाडांच्या पेशी वाढवायचा, मी त्वचेच्या. हार्मोन भरपूर मिळालं की त्वचेच्या पेशी ते टिपणारे रिसेप्टर कमी करतात का, एवढंच मला बघायचं होतं. अर्ध्या डिशना हार्मोन द्यायचं, अर्ध्या कोऱ्या ठेवायच्या. पण कोऱ्या डिशमधलेही रिसेप्टर घटत होते. महिनाअखेर उत्तर नाही मिळालं तर काम बंद, असं लॅबच्या प्रमुख बाईंनी बजावलं होतं. म्हणजे मीही घरी.

मी अगदी रडकुंडीला आले होते. तो डोकावला.

"इतकं काय बघता त्या डिशकडे?"

"त्या उलट बोलत नाहीत."

"मी कुठे बोलतो? उलट... दर रविवारी त्यांना जेवू घालतो."

"काय घालतोस?" माझं अहो-जाहो तिथेच संपलं.

"मीडियम. आमच्या फ्रिजमधलं, गुलाबी. थोडंसंच, वरून... रविवारी डिशवर नजर ठेवतो म्हणालो होतो ना, तुला निवांत झोपता यावं म्हणून."

"अरे गाढवा, तो गुलाबी रंगच हार्मोनची नक्कल करतो. म्हणून तर माझं मीडियम बिनरंगी असतं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तडक बाईंकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि मला दोन महिने वाढवून दिले.

आज इतक्या वर्षांनीही इन्क्युबेटरची ती घरघर आठवली की तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. राग तर आलाच होता. पण माझ्या झोपेची काळजी करणारं तिथे दुसरं होतं कोण? मला तो आवडला होता, फार आवडला होता.

"आता तुझ्या खोलीत पाऊल टाकणार नाही," त्या दिवशी बाईंकडून परतल्यावर तो दारातूनच म्हणाला.

"रविवारी ये."

"कशाला? हात तर लावू देणार नाहीस..."

"डिशला नाही," मी म्हणाले. मग हातमोजा काढला आणि हात त्याच्यापुढे केला.